पुलमनच्या पार्किंगमधली पांढरी कार

मॉस्को म्हटलं की आपल्याकडे रशियाच डोळ्यांसमोर येतो. मी लिहितेय ते मॉस्को अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं, जेमतेम पंचवीस हजार वस्तीचं गाव आहे. गहू आणि मसुराच्या टेकड्या, मधून जाणारा रस्ता, आणि राज्याची हद्द ओलांडली की आठ-नऊ मैलांवर वॉशिंग्टनमधलं पुलमन. दोन्ही गावांत एकेक मोठं विद्यापीठ आहे, आणि गावं उभी आहेत ती त्या विद्यापीठांवरच. मी पुलमनला वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत मृदाशास्त्रात पीएचडी करत होते. किराणा मॉस्कोत स्वस्त पडायचा, त्यामुळे आम्हा देशी पोरांची तिकडे सतत ये-जा असायची.

१३ नोव्हेंबर २०२२च्या पहाटे मॉस्कोच्या किंग रोडवरच्या एका भाड्याच्या घरात युनिव्हर्सिटी ऑफ आयडाहोच्या चार विद्यार्थ्यांना चाकूने भोसकून मारलं. तीन मुली आणि एक मुलगा. सगळे वीस-एकवीस वर्षांचे. त्याच घरातल्या आणखी दोन मुली वाचल्या. ३० डिसेंबरला पेनसिल्व्हेनियात, आईवडिलांच्या घरी, ब्रायन कोहबर्गर नावाच्या २८ वर्षांच्या माणसाला अटक झाली. तो आमच्याच विद्यापीठात क्रिमिनॉलॉजीत, म्हणजे गुन्हेगारीच्या अभ्यासात, पीएचडी करत होता. २ जुलै २०२५ला त्याने आयडाहोची राजधानी बॉयसी इथल्या कोर्टात गुन्हा कबूल केला आणि २३ जुलैला त्याला चार जन्मठेपी झाल्या, एकामागून एक भोगायच्या, पॅरोल नाही.

मध्यंतरी मामेबहिणीने सांगलीहून मला एक व्हिडिओ पाठवला. कोर्टात बसलेल्या त्या माणसाचा चेहरा, त्यावर लाल वर्तुळं, आणि खाली तिचं वाक्य: "नजर बघ ना ताई, पहिल्या दिवशीच कळत होतं."

नाही कळत. त्याबद्दलच लिहायचंय.

अटकेआधीचे ते सात आठवडे आधी सांगते, कारण नंतरचं सगळं तिथूनच सुरू झालं. पोलिसांनी पहिल्यांदा सांगितलं की लोकांना धोका नाही. तीन दिवसांनी पोलीसप्रमुख जेम्स फ्राय यांनी पत्रकारांसमोर सांगितलं की धोका नाही असं आम्ही म्हणू शकत नाही. संशयित नाही, हत्यार नाही, कारण माहीत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आधीच निम्मं मॉस्को रिकामं झालं, आणि सुट्टीनंतरही बरीच मुलं परत आलीच नाहीत. आमच्याकडे प्रयोगशाळेतून रात्री कुणी एकटं निघेना. आमच्या अपार्टमेंटमधल्या मुलींनी दारांना आतून जादा कड्या लावून घेतल्या. आई रोज दोनदा फोन करायची आणि दोन्ही वेळा "दार लावलंस का?" एवढंच विचारायची.

अशा वेळी माणूस तर्क लढवणारच. घाबरलेल्या माणसाला काहीतरी उत्तर लागतं, हे मला समजतं. पण तर्काला नाव आणि चेहरा चिकटला की तो कुणाच्या तरी मानगुटीवर बसतो. त्या रात्री मारल्या गेलेल्यांपैकी दोन मुली एका फूड ट्रकपाशी खायला थांबल्या होत्या, त्याचं चित्रण फिरत होतं. त्यात मागे हुडी घालून उभा असलेला एक मुलगा दिसतो. झालं. त्याचं उभं राहणं, हात खिशात घालणं, बघणं, सगळ्याचा अर्थ लावला गेला. त्याचा संबंध नाही असं पोलिसांनी सांगितलं, तरी लोक थांबले नाहीत. एका मुलीचा पूर्वीचा मित्र असाच धरला गेला. ज्याची मैत्रीण गेली त्या मुलाला लोक खुनी म्हणत होते. टॅरोची पानं मांडून एका बाईने युनिव्हर्सिटी ऑफ आयडाहोच्या एका प्राध्यापिकेवर आरोप केले, आणि ते व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिले. त्या प्राध्यापिकेला कोर्टात जावं लागलं, आणि ती विधानं बदनामीकारक होती असा निवाडा यायला २०२४ उजाडलं.

सगळ्यात जास्त ज्यांना सोसावं लागलं त्या म्हणजे घरातल्या वाचलेल्या दोन मुली. त्यांपैकी एकीने पहाटे काळ्या कपड्यांतला, तोंड झाकलेला, दाट भुवयांचा एक माणूस घरातून जाताना पाहिला होता. पोलिसांना फोन झाला तो दुपारी बाराच्या सुमाराला. त्या आठ तासांवर जगभरच्या लोकांनी जे तोंडसुख घेतलं ते मी वाचलेलं आहे आणि मला ते विसरता येत नाही. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, पहाटेची वेळ, भीतीने सुन्न झालेली. शिक्षेच्या दिवशी या दोघींची निवेदनं कोर्टापुढे आली. त्या रात्रीनंतरची भीती त्यांत होती, आणि अनोळखी लोकांनी रचलेल्या गोष्टी आणि दिलेल्या धमक्याही होत्या. आपल्या माणसांना गमावल्याचं दुःख आणि वर हे.

आता कारकडे येते, कारण ती आमच्या दारात आली होती.

७ डिसेंबरला पोलिसांनी लोकांना आवाहन केलं: २०११ ते २०१३ या काळातल्या मॉडेलची पांढरी ह्युंदाई इलान्ट्रा कुणी पाहिली असेल तर कळवा. अशा जवळपास बावीस हजार कार नोंदलेल्या आहेत असं नंतर सांगितलं गेलं. त्यातली एक आमच्या मित्राची होती. संभाजीनगरचा मुलगा, इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करणारा. जुनी गाडी त्याने एका जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून घेतली होती, मागच्या काचेवर गणपतीचा छोटा स्टिकर होता. आवाहनानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिचा फोटो काढून एका स्थानिक ग्रुपवर टाकला. बर्फात अर्धी बुडालेली गाडी, नंबरप्लेट स्पष्ट, आणि खाली लोकांचं सुरू: ही किती दिवस हललेली नाही बघा, मालक परदेशी दिसतो, स्टिकर कसला आहे. गाडी हलली नव्हती कारण बॅटरी उतरली होती. त्याने स्वतःहून पोलिसांच्या नंबरवर फोन करून गाडीची सगळी माहिती दिली आणि तिथे त्याच्यापुरता विषय संपला. त्या ग्रुपवर मात्र संपला नाही. पुढचे कित्येक दिवस तो बसने विद्यापीठात यायचा आणि खिडकीच्या बाजूला बसायचा नाही. व्हिसावर असलेल्या मुलाला आपलं नाव असल्या प्रकरणात नुसतं उच्चारलं जाणं म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आता हे बघा. ५ जानेवारी २०२३ला पोलिसांचं प्रतिज्ञापत्र खुलं झालं आणि त्यात आम्ही काय वाचलं? पोलिसांनी २५ नोव्हेंबरलाच आसपासच्या यंत्रणांना पांढऱ्या इलान्ट्रावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. २९ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर आमच्याच विद्यापीठाच्या पोलिसांतल्या एकाने विद्यापीठात नोंदलेल्या गाड्यांची यादी काढली. त्यात पेनसिल्व्हेनियाच्या प्लेटची २०१५ची पांढरी इलान्ट्रा सापडली, आणि अर्ध्या तासात दुसऱ्या अधिकाऱ्याला ती एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभी दिसली. तोवर तिला वॉशिंग्टनची नवी प्लेट लागली होती. म्हणजे फोटो टाकणारे लोक माझ्या मित्राच्या गाडीवरचा बर्फ मोजत होते, त्याच्या आधीच रात्रपाळीच्या माणसाने नोंदी चाळून खरी गाडी गाठली होती. मॉडेलचं वर्षही लोकांना सांगितलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं. मला त्या प्रतिज्ञापत्रातला हा परिच्छेद सगळ्यात जास्त भावतो. अंतर्ज्ञान नाही, नजर ओळखणं नाही. एक यादी, एक माणूस, रात्रीचे साडेबारा.

अटकेची बातमी आली तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी हे थांबेल. संशयित मिळाला, पुढचं कोर्ट बघेल. पण तर्कांना आता एकच खुंटी मिळाली आणि सगळे तिच्यावर टांगले जाऊ लागले.

आमच्या विद्यापीठात तो टीचिंग असिस्टंट (टीए), म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणारा, होता. मीही होते. त्याच्या वर्गातल्या मुलांनी पत्रकारांना सांगितलं की तो पेपर फार कडक तपासायचा. लगेच कडक तपासणं हे क्रौर्याचं लक्षण ठरलं. अहो, आमच्या विभागात मार्कांसाठी रडवणारे टीए होते, ते उत्तम माणसं होती आणि आहेत. पेनसिल्व्हेनियात मास्टर्स करताना त्याने रेडिटवर एक प्रश्नावली टाकली होती, शिक्षा भोगून आलेल्या लोकांसाठी: गुन्हा करताना तुमच्या मनात काय चाललं होतं, काय वाटत होतं. ती वाचून लोकांच्या अंगावर काटा आला. पण गुन्हेगारीचा अभ्यास करणारे असेच प्रश्न विचारतात. क्रिमिनॉलॉजी हे समाजशास्त्राचं भावंड आहे. माणसं गुन्हे का करतात, शिक्षेने काय होतं, हा त्याचा विषय. रक्ताचे डाग कसे पुसावेत हे त्यात शिकवत नाहीत. आता त्याच्यावरचा गुन्हा सिद्ध झालाय, तरी माझं मत तेच आहे: ती प्रश्नावली पुरावा नव्हती. तिला पुरावा म्हटलं तर उद्या तुरुंगातल्या कैद्यांवर काम करणाऱ्या प्रत्येक संशोधकाकडे संशयाने बघावं लागेल.

मग 'अतिहुशार खुनी' ही गोष्ट तयार झाली. क्रिमिनॉलॉजीचा अभ्यासक, परिपूर्ण खून करायला निघालेला. खरं काय होतं? पलंगावर, एका मुलीच्या शेजारी, चाकूचं चामड्याचं म्यान विसरून गेलेला माणूस. त्याच्या बटणावर डीएनए सापडला. तपास यंत्रणांनी डीएनएवरून नातेवाईक शोधत जायच्या वंशावळीच्या पद्धतीने माग काढला, पेनसिल्व्हेनियातल्या घराबाहेरच्या कचऱ्यातून वडिलांचा डीएनए मिळवला आणि जुळवला. गाडी कॅमेऱ्यांत दिसली. फोन पहाटे पावणेतीन ते पावणेपाच बंद होता, आणि त्याआधीच्या महिन्यांत तोच फोन त्या घराच्या परिसरात पुन्हा पुन्हा आल्याच्या नोंदी होत्या. चाकू आणि म्यान मार्च २०२२मध्ये ऑनलाइन मागवल्याची नोंद नंतर पुढे आली. यात कुठेही बुद्धीची चमक नाही. तरी 'म्यान मुद्दाम ठेवलं असेल', 'त्याला पकडलं जायचंच होतं', असं लोक आजही लिहितात. चार मुलांना मारणाऱ्या माणसाला इतकी उंची का द्यायची, मला खरोखर कळत नाही.

दुसरा पंथही निघाला: तो निर्दोष आहे. घराखाली भुयार आहे, ड्रग्जची टोळी आहे, म्यान कुणीतरी आणून ठेवलंय. २८ डिसेंबर २०२३ला किंग रोडचं घर पाडलं तेव्हा या लोकांना 'पुरावे मिटवले' हे आणखी एक कलम मिळालं. काही कुटुंबांचा घर पाडायला विरोध होता आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं होतं. खटला उभा राहायच्या आधी जागा का नष्ट करायची, हा साधा प्रश्न. पण त्या आईवडिलांचा प्रश्न आणि भुयाराची गोष्ट लोकांनी एकाच पिशवीत भरली.

आणि त्याचे वडील. डिसेंबरमध्ये मुलासोबत गाडीने अमेरिका ओलांडून घरी जाताना इंडियानात त्यांना पोलिसांनी एकाच दिवशी दोनदा अडवलं होतं, पुढच्या गाडीच्या फार जवळून चालवल्याबद्दल. पोलिसांच्या कॅमेऱ्यातलं ते चित्रण बाहेर आलं. एफबीआयनेच अडवायला लावलं, मुलाचे हात बघायचे होते, अशी आवई उठली. एफबीआयने ती नाकारली. पण माझं लक्ष वडिलांकडे होतं. शेजारच्या सीटवर बसून ते पोलिसाशी बोलतायत, कुठून आलो, कुठे चाललो. नाताळसाठी मुलाला घरी नेणारा बाप. त्या माणसाच्या तोंडाच्या प्रत्येक हालचालीवर 'याला माहीत होतं' असं लिहिणाऱ्यांना स्वतःचे वडील आठवले नसतील का?

जानेवारी २०२३मध्ये आमच्या देशी ग्रुपवर मी एवढंच लिहिलं होतं की तो अजून आरोपी आहे, कोर्टाला ठरवू दे. त्यावर एकाने विचारलं होतं, "तू त्याची वकील आहेस का?" आता तोच म्हणतो, बघ, आम्ही बरोबर होतो. पण हीच माणसं डिसेंबरभर हुडीवाल्या मुलाबद्दल छाती ठोकून सांगत होती. दहा जणांवर बोट दाखवायचं आणि अकरावा सापडला की 'आम्ही म्हणत होतोच' म्हणायचं, याला ओळखणं म्हणत नाहीत.

आणि या बोलण्याची किंमत असते, ती रोकडी असते. जानेवारी २०२३मध्येच कोर्टाने वकील आणि पोलिसांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. पण ती बंदी बाकी जगाला नव्हती. उलट माहिती आटली तसा तर्कांना पूर आला. शेवटी सप्टेंबर २०२४मध्ये खटला लेटा काउंटीतून, म्हणजे मॉस्कोच्या जिल्ह्यातून, बॉयसीला हलवला, कारण तिथे निःपक्ष ज्यूरी मिळणं अवघड होतं. बॉयसी तिथून तीनेकशे मैल लांब. ज्या गावाने हे सोसलं त्याच्यासमोर खटला चालू शकत नव्हता. आपल्याकडे २०२०मध्ये एका नटाच्या मृत्यूनंतर महिनोन्महिने जे चाललं होतं ते आठवा. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की मीडिया ट्रायलमुळे तपासात आणि न्यायदानात अडथळा येतो. तो निकाल टीव्ही वाहिन्यांना उद्देशून होता. आता वाहिनी प्रत्येकाच्या खिशात आहे.

खटला ऑगस्ट २०२५मध्ये उभा राहणार होता. त्याआधीच तडजोड झाली: फाशी टळली, त्याने कबुली दिली. एका कुटुंबाला हे मान्य नव्हतं, एका कुटुंबाला सुटल्यासारखं वाटलं. दोघांनाही त्यांचं त्यांचं म्हणण्याचा पूर्ण हक्क होता. न्यायाधीश स्टीव्हन हिप्लर यांनी एकेका मुलाचं नाव घेऊन विचारलं, त्याने प्रत्येक वेळी 'हो' म्हटलं. शिक्षेच्या दिवशी बोलायची संधी दिली तर नम्रपणे नकार दिला. का मारलं, हे सांगितलंच नाही. कुणाला मारायला तो आत शिरला होता, हेही नाही.

त्या 'का'च्या खड्ड्यात आता सगळे उतरलेत. नाकारलेलं प्रेम, स्त्रीद्वेष, प्रयोग, कुणाचं अनुकरण. न्यायाधीश हिप्लर यांनी तेव्हा जे सांगितलं त्याचा आशय असा, की कारणासाठी आपण त्याच्यावर अवलंबून राहिलो तर त्याला हवं असलेलं महत्त्व आणि सत्ता आपणच त्याच्या हाती देतो. मला ते पटतं. शिवाय उद्या त्याने काही कारण सांगितलंच, तर ते खरं कशावरून?

पण ज्याबद्दल विचारायला हवं होतं त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. शिक्षा झाल्यावर पोलिसांनी तपासाची पुष्कळ कागदपत्रं खुली केली. त्यात आमच्या विद्यापीठातल्या, त्याच्याच विभागातल्या लोकांचे जबाब आहेत. तो स्त्रियांच्या टेबलांपाशी येऊन उभा राहायचा, बाहेर पडायची वाट अडवायचा, काही जणी संध्याकाळी कुणाला तरी सोबत घेऊनच निघायच्या. त्याच्या वागण्याबद्दल तक्रारी झाल्या होत्या. एका प्राध्यापक व्यक्तीने सहकाऱ्यांना बजावलं होतं की हा माणूस उद्या प्राध्यापक झाला तर विद्यार्थिनींना छळेल.

या बायकांनी त्याच्या भुवया वाचल्या नव्हत्या. त्यांनी त्याच्याबरोबर रोज एका मजल्यावर काम केलं होतं, आणि जे घडलं ते सांगायच्या जागी जाऊन सांगितलं होतं. यातून खून ओळखता आला असता असं मी म्हणत नाही. कुणीच म्हणू नये. पण वाट अडवणं हे स्वतःच पुरेसं गंभीर आहे, त्याच्यापुढे काही घडो न घडो. मी त्याच कॅम्पसवर वावरत होते, तसल्याच ऑफिसांत रात्री उशिरापर्यंत बसत होते. मला त्याच्या नजरेचे व्हिडिओ नकोत. मला हे हवंय: पहिली तक्रार कोणत्या तारखेला झाली, ती कुणाच्या टेबलावर गेली, त्या व्यक्तीने पुढे काय केलं, आणि तक्रार करणाऱ्या बाईला कुणी काय उत्तर दिलं.